एक मुलूख, अनेक वेळापत्रके

1932 साली निजाम सरकारने आपल्या रेल्वे खात्याच्याच अखत्यारीत प्रवासी मोटारींची शाखा उघडली, तेव्हा तिच्यापाशी 27 मोटारी आणि 166 नोकर एवढाच संभार होता. परंतु रूळ जेथे संपतो तेथून पुढे रयतेस नेण्याची जबाबदारीही रूळ चालविणाऱ्या खात्याचीच आहे, हे तत्त्व त्या अल्प प्रारंभात मान्य झाले होते. पुढे संस्थान विलीन झाले, रेल्वे केंद्राकडे गेली, मोटारी राज्याकडे राहिल्या आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याच्या वाट्याच्या मोटारी एस.टी.त सामील झाल्या. भाषिक ऐक्य साधले हे इष्टच झाले. पण विलग झालेली ही दोन खाती पुन्हा एका बैठकीत बसून वेळापत्रक आखताना दिसली नाहीत.

त्यात मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शहरांची तोंडे मुळातच निरनिराळ्या दिशांना होती. नांदेडला रूळ आले ते हैदराबाद-मनमाड मार्गाने, गोदावरीच्या खोऱ्यातून. लातूरला 1911 साली गाडी पोचली ती पश्चिमेकडून, कुर्डुवाडी-बार्शीच्या अडीच फुटी लाइट रेल्वेने, आणि तिच्यामुळे लातूरच्या आडत बाजाराचा माल सोलापूर-मुंबईकडे वळला. लातूरचे रूळ रुंद झाले, तरी ही जुनी दिशा पालटली नाही. आजही सडकेने दीडशे किलोमीटरांच्या आत असलेले नांदेड-लातूर अंतर परळी-परभणीच्या वळशाने रेल्वेने कापू म्हटले तर दोनशेच्या वर जाते, आणि एवढ्यात उतारू मध्य रेल्वेच्या हद्दीतून दक्षिण मध्य रेल्वेच्या हद्दीत जातो.

साहजिकच या दोन शहरांमधील अहमदपूर, लोहा, चाकूर या तालुक्यांच्या प्रवासाचा बहुतेक भार एस.टी.वर आणि काळीपिवळीवर पडतो. 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कक्षेत लातूर जिल्हाही येतो. शिकवणीसाठी लातुरात राहणारी मुले तर गावोगावची आहेत. नियोजन कोठून आरंभावे हे या विद्यार्थ्यांच्या वाटा पाहूनच कळते. मानव विकास कार्यक्रमातील एस.टी.च्या निळ्या गाड्या आठवी ते बारावीच्या मुलींच्या शाळेच्या वेळेशी बांधल्या गेल्या, म्हणून त्यांनी मुलींची शाळा टिकविली, असे माझे स्पष्ट मत आहे: तेथे आधी प्रवासी पाहिला गेला, मग फेरी ठरली.

नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रोड या लोहमार्गाची मागणी जुनी आहे आणि न्याय्यही आहे. मात्र रूळ पडेपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. लातूरचे नॅरोगेजचे स्थानक गावात होते, ब्रॉडगेजचे गावाबाहेर गेले. तेथे प्रत्येक गाडीच्या वेळेस शहर बस उभी असावी, लातूर रोड जंक्शनला उतरणाऱ्यास चाकूर-अहमदपूरची एस.टी. लागलीच मिळावी, आणि एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास व्हावेत. यासाठी भूसंपादन लागत नाही. दोन्ही महापालिका, एस.टी.चे दोन्ही विभाग आणि दोन्ही रेल्वे यांची एक कायम समिती नेमून तिला वेळापत्रक बदलण्याचा अधिकार दिला, आणि दर सहामाहीस तिची बैठक नांदेडला वा लातुरास न भरविता अहमदपुरास भरविली, तर ही तजवीज येत्या वर्षातच अमलात येऊ शकते.