'इरावती' : एका विरळ स्त्रीनामाचा मराठीतील प्रवेश

मराठीतील विशेषनामांचा विचार बहुधा आडनावांपाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. आडनावांत गाव, वतन, धंदा, हुद्दा, क्वचित एखादे शारीरिक वैगुण्यही सापडते; त्यामुळे समाजेतिहासाच्या अभ्यासकाला ती जवळची वाटतात. स्त्रियांच्या पाळण्यातल्या नावांचे तसे नाही. ही नावे विवाहापर्यंतच टिकत आणि पुढे सासरच्या नावाखाली झाकली जात. त्यामुळे एखादे विरळ स्त्रीनाम मराठीत कसे आले हा प्रश्न अर्धाच असतो. ते टिकले कसे, हे त्याबरोबरच पाहावे लागते. 'इरावती' हे नाव या दुहेरी प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

हे नाव नदीचे आहे. नदीनामांविषयीची मराठी माणसाची वृत्ती प्रथम लक्षात घ्यावी लागते, आणि त्यासाठी रायगड जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याचा, नकाशा सोयीचा आहे. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलहून दक्षिणेस निघालेला प्रवासी खारपाड्याला पाताळगंगा ओलांडतो. पुढे पेण-रामवाडीच्या परिसरात त्याला भोगावती भेटते, नागोठण्याकडे अंबा, कोलाडला कुंडलिका (रोहे हिच्याच काठी वसले आहे) आणि महाडला सावित्री. या पाच नद्यांपैकी अंबा आणि सावित्री ही मुलींची नावे म्हणून सर्वत्र आढळतात. परंतु ती देवीवरून व पुराणातील पतिव्रतेवरून आलेली आहेत, नदीवरून नव्हेत. पाताळगंगेतली 'गंगा' नाव म्हणून चालते, 'पाताळगंगा' चालत नाही. भोगावती आणि कुंडलिका या तर रचनेने आणि उच्चाराने स्त्रीनामास अगदी योग्य. तरीही त्या काठच्या घरांतून मुलीला ही नावे देण्याची रीत रूढ झाली नाही. शेतीला आणि पिण्याला रोज लागणारे पाणी नाव देण्यास पुरत नाही. त्यासाठी नदीला तीर्थत्व लागते.

हे तीर्थत्व कोणत्या नद्यांना, याचे उत्तर स्नानाच्या वेळी म्हणावयाच्या परिचित श्लोकात आहे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांचे आवाहन त्यात केले जाते. आणि या सातही नद्या मराठी घरांतून मुलींच्या रूपाने वावरल्या आहेत. त्यांत कृष्णा आणि भागीरथी यांची भर घातली की पारंपरिक नदीनामांची यादी जवळजवळ संपते. मौज अशी की धर्मशास्त्राचा कौल याच्या उलट आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असलेली कन्या वर्ज्य ठरविली आहे. मराठी समाजाने हा निषेध जराही मनावर घेतलेला दिसत नाही. रोहिणी, रेवती, चित्रा ही नक्षत्रे, तुळसा ही वनस्पती आणि गंगा-यमुना या नद्या यांनी घरे भरलेली असताना त्यांची लग्ने अडली नाहीत. आचार आणि शास्त्र यांच्यातील अंतर मोजण्याचे स्त्रीनामे हे एक उत्तम साधन आहे.

इरावती मात्र त्या सातांत नाही. पंजाबातील रावी ही तिची प्राचीन ओळख. ऋग्वेदातील परुष्णी म्हणजेच इरावती, असे यास्काने निरुक्तात सांगितले आहे. रावीचे काठ मराठी यात्रेकरूच्या नेहमीच्या वाटेवर नव्हते. शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. 'इरा' म्हणजे पोषक पेय, अन्न. तिला 'मतुप्' प्रत्यय लागून, मकाराचा वकार होऊन, स्त्रीलिंगी 'इरावती' सिद्ध होते. येथील 'रा'चा आकार मूळ शब्दाचाच आहे. अमरावती किंवा भोगावती यांत तो प्रत्ययापूर्वी दीर्घ झालेला आहे (पुराणांतील नागनगरीचे नाव 'भोगवती' असेच आढळते). ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात द्यावापृथिवींना हेच विशेषण द्विवचनात लावलेले आहे. म्हणजे नदी होण्यापूर्वी इरावती ही अन्नपाण्याने भरलेली भूमी आणि आकाश होती.

संस्कृत वाङ्मयाने हे नाव स्त्रियांनाही दिले. रामायणाच्या अरण्यकांडातील वंशवर्णनात भद्रमदेची कन्या इरावती ही ऐरावताची माता आहे. परीक्षिताच्या पत्नीचे नाव महाभारतात माद्रवती, तर भागवतात इरावती असे येते. आणि कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्राची धाकटी राणी इरावती आहे. तिसऱ्या अंकात ती मद्याच्या अमलाखाली प्रवेश करते. अमरकोशात 'इरा' शब्दाचे भूमी, वाणी, मद्य आणि जल असे चार अर्थ दिलेले आहेत. त्यांतला तिसरा अर्थ कालिदासाच्या मनात होता की नाही, याचा तर्क रसिकाने करावा. प्रस्तुत मुद्दा एवढाच, की नाव ग्रंथांत होते, संस्कृतज्ञ मराठी घरांना ठाऊकही होते, तरी ते पाळण्यापर्यंत पोहोचले नाही. आपली जुनी स्त्रीनामे काव्यनाटकांतून फारशी आलेली नाहीत. ती देव्हाऱ्यातून आणि तीर्थक्षेत्रांतून आलेली आहेत.

नावाला पाळण्यापर्यंत आणले ते स्थलांतराने. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढे त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. ब्रह्मदेश हिंदुस्थानचा एक प्रांत झाला. १९३७ मध्ये तो वेगळा होईपर्यंत नोकरी-व्यवसायासाठी तिकडे जाणाऱ्या हिंदी माणसांत मराठी माणसेही होती. त्यांपैकी गणेश हरि करमरकर हे तेथील एका कापूस कंपनीत होते. इरावती नदीच्या काठच्या म्यिंज्यान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांना मुलगी झाली आणि तिचे नाव नदीवरून ठेवण्यात आले. त्याच नदीवरचे मंडाले टिळकांच्या कारावासामुळे मराठी माणसाच्या तोंडी बसले ते १९०८ नंतर. म्हणजे हे नामकरण त्या आधीचे आहे, आणि त्यामागे राजकीय भावनेचा संबंध नाही.

या नामकरणात दोन गोष्टी नवीन होत्या. ब्रह्मदेशातील नदीचे नाव भारतीय परंपरेबरोबरच तेथे गेलेले. ते ऐरावताशी जोडले जाते. स्थानिक उच्चारात ते 'एयावदी' झाले आणि इंग्रजांच्या कागदोपत्री आणखी वेगळे. मराठी कुटुंबाने ते पुन्हा संस्कृत रूपात घेतले. पूर्वेकडे गेलेला शब्द असा एका मुलीच्या रूपाने परत आला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गंगा किंवा गोदावरी हे नाव ठेवताना पुण्याचा विचार असे. येथे जन्मस्थळाचा होता. भोगावतीच्या काठी जे घडत नव्हते ते म्यिंज्यानला घडले. याचे कारण बहुधा परदेशवासात आहे : घरच्या नदीकडे माणूस नाव म्हणून पाहत नाही, परमुलुखातली नदी मात्र तो टिपून ठेवतो.

आता टिकण्याचा प्रश्न. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल सर्वपरिचित आहे. एकोणिसाव्या शतकातील ज्या स्त्रिया आज मराठी वाचकाला नावानिशी ठाऊक आहेत, त्यांची पहिली नावे मुद्दाम आठवावी लागतात. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉ. आनंदीबाई जोशी याही यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या, म्हणजे काशीच्या घाटाच्या नावाच्या. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई माहेरच्या गोदू, अर्थात गोदावरी. ही चारही नावे पाण्याची किंवा पाण्याकाठची, आणि ती चारही लग्नात गेली. पुनर्विवाहासारख्या बंडखोर कृतीतही नाव बदलण्याची रूढी अबाधित राहिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच आनंदीबाईंच्या घरी १९२६ मध्ये सून आली ती इरावती करमरकर, दिनकर धोंडो कर्वे यांची पत्नी म्हणून. सासूचे नाव बदलले होते, सुनेचे बदलले नाही. मधल्या तेहतीस वर्षांत काय घडले याचा हा एका घरातला, पण नेमका, पुरावा आहे. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत आलेली, रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबात वाढलेली, मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली आणि पुढे बर्लिनला शिकलेली ही स्त्री प्रमाणपत्रांवर आणि प्रबंधावर एकाच पहिल्या नावाने राहिली. स्त्रीच्या नावाच्या स्थैर्यामागे सुधारणेइतकाच शाळेच्या दाखल्याचा आणि पदवीपत्राचा हात आहे. ज्या नावाने पदवी मिळते ते नाव ताटातल्या तांदळांत पुसणे गैरसोयीचे होते.

तथापि स्वतःचे नाव टिकले म्हणून ओळखीचा प्रश्न सुटला असे खुद्द इरावतीबाईंना वाटत नव्हते. 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहाच्या शीर्षक-लेखात सभेतील वक्त्याची ओळख नामवंत नातेवाइकांच्या संदर्भाने करून दिली जाते. तरी तीत काहीतरी उणे असल्याची जाणीव तिला सोडत नाही. ते उणेपण अखेर भरून निघते ते रस्त्यातल्या शाळकरी मुलांनी तिला आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखल्यावर. हा लेख मातृत्वाचा गौरव म्हणून शिकविला जातो आणि तो तसा आहेही; पण नामविचाराच्या बाजूने वाचल्यास त्यातला उपरोध लपत नाही. सून, पत्नी, आई ही सारी नाती ओळीने येतात. 'इरावती' मात्र कोणालाच पुरेशी वाटत नाही. त्या समाधानात लेखिकेची थट्टा किती आणि कबुली किती, हे वर्गात विचारण्यासारखे आहे.

लेखाने जे नाकारले ते मुखपृष्ठाने दिले. 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१), 'भोवरा' (१९६०), 'युगान्त' (१९६७) या ग्रंथांवरून हे नाव वाचकांच्या घरी गेले. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर ते मराठीबाहेरही पोहोचले. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या पुस्तकामुळे 'विभावरी' हे टोपणनावही असेच वाचकांच्या ओळखीचे झाले होते. आधुनिक मराठीत नवे स्त्रीनाम रुजण्याचा हा तिसरा मार्ग : देव्हारा नव्हे, तीर्थ नव्हे, तर पुस्तकाचे पान. मात्र 'विभावरी' हे पडद्याआडचे नाव होते आणि 'इरावती' खरे. शिकलेल्या घरांत मुलीला हे नाव देताना एक विशिष्ट स्त्री डोळ्यांपुढे असे, नदी क्वचितच.

आज हे नाव विरळ असले तरी अनोळखी नाही. त्याचे 'इरा' हे संक्षिप्त रूप स्वतंत्र नाव म्हणून त्याहून अधिक रुळले आहे. विचारले असता अर्थ सरस्वती किंवा पृथ्वी असा सांगितला जातो, जो कोशांना धरून आहे. रावीही नाही आणि ब्रह्मदेशही नाही. दोन अक्षरी, परप्रांतातही सहज उच्चारता येणाऱ्या नावांची हल्लीची ओढ यामागे आहे. पूर्ण रूप लेखन आणि रंगभूमी-चित्रपट या क्षेत्रांत भेटते. लग्नात यमुनेची आनंदी झालेल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरच्या जीवनावरील 'आनंदी गोपाळ' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. त्याच्या लेखकांच्या नामावळीत इरावती कर्णिक हे नाव आहे.