साखरेशी संसार – लेखांक 9 : एकादशीचे दोन आकडे

मागच्या आठवड्यात ग्लुकोमीटर आणि त्याच्यासोबतच्या वहीबद्दल लिहिलं होतं. वहीत नुसता आकडा लिहू नका, त्या वेळी काय खाल्लं होतं, कुठे चालून आलात, तेही शेजारी लिहा, असं सुचवलं होतं. आज माझ्या आईच्याच वहीतलं एक पान तुमच्यासमोर उघडते. चार वर्षांपूर्वीच्या आषाढी एकादशीचं. सकाळी 11.20 ला 48. दुपारी पावणेचारला 286. एकाच दिवसात, एकाच उपासात.

आईला मधुमेह होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. ‘गोळी कधी चुकवायची नाही’ हे मीच तिला घोकवलेलं. त्याप्रमाणे तिने सकाळी साडेसातला नेहमीची गोळी घेतली. वर बिनसाखरेचा चहा. मग पूजा, हरिपाठ, मग पेठेतल्या विठ्ठलमंदिरात दर्शनाची रांग. फराळ बाराला करायचा ठरलेला. सव्वाअकराला ती घरी आली आणि दाण्यांची टरफलं पाखडायला बसली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दाणे केव्हाच डब्यात गेले होते आणि आई रिकामं सूप पाखडत होती.

‘उपास लागलाय तिला, पडू दे जरा,’ आत्या म्हणाली. मी आईच्या मानेला हात लावला, तर पदर घामाने ओला. पावसाळी, गार हवा होती. काय होतंय विचारलं तर माझ्यावरच खेकसली, आणि शब्द जड पडत होते. बोट टोचून बघितलं. 48.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की ती कमी झाली असं समजायचं, आणि 54 च्या खाली गेली की एक मिनिटही दवडायचं नाही. मेंदू जवळजवळ सगळा साखरेवर चालतो. सुरुवातीला शरीर धोक्याची घंटा वाजवतं: घाम, हातांना कंप, छातीत धडधड, कडकडून भूक. तिकडे लक्ष गेलं नाही तर मेंदू गोंधळतो. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, एकच काम पुन्हापुन्हा करत राहतो, आणि शेवटी शुद्ध हरपते. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात आणि उतारवयात ही घंटा मंदावते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या काही गोळ्या धडधड आणि कंप झाकून टाकतात, घाम मात्र येतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की आधी मानेला हात लावून बघा. ‘उपास लागलाय’ या दोन शब्दांखाली आपल्या घरांत किती वेळा साखर उतरलेली असते, याची मला आजही धास्ती वाटते.

मी साखरेचा डबा काढला तर आत्याने हात धरला. ‘अगं, साखर काय देतेस? तिला डायबेटिस आहे!’ बाबा प्रसादाचा पेढा घेऊन आले. दोघांचाही जीव तुटत होता, आणि दोघांचंही चुकत होतं. साखर उतरलेल्या माणसाला त्या घडीला साखर हेच औषध. आणि पेढा गोड असला तरी त्यातला खवा तुपकट. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. चॉकलेटचंही तसंच. इथे हवी पाण्यात विरघळवलेली तीन चमचे साखर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. मग 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा बोट टोचायचं, आकडा 70 च्या वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. आईचा दुसरा आकडा 63 आला, तिसरा 94. त्यानंतर पोटात काहीतरी टिकाऊ जायला हवं, नाहीतर साखर परत घसरते.

यात दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मधाचं बोटही नाही. श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. दुसरी गोष्ट गोळ्यांच्या पाकिटावर वाचायची. त्यावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल, तर घरातली साधी साखर लवकर कामाला येत नाही, कारण साखर फोडणाऱ्या आतड्यातल्या पाचकरसालाच ती गोळी अडवते. अशा घरात औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडर हवीच. ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवून उपयोग नाही, पिशवीत, हाताशी हवी.

हे झालं कशामुळे? आईची गोळी होती ग्लिमेपिराइड. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पानात काही वाढलंय की नाही हे त्या बघत नाहीत. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. मेटफॉर्मिन वेगळं, ते मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर आवरतं आणि एकटं घेतलं तर साखर सहसा इतकी खाली नेत नाही. पण आपल्याकडे एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही असण्याची पद्धत फार, आणि पेशंट म्हणतो, ‘मी मेटफॉर्मिनवर आहे.’ पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा भिंग घेऊन वाचा, नातवंडांना वाचायला सांगा. शिवाय या गटातल्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो. मूत्रपिंडं थकली असतील तर तो आणखी लांबतो, आणि एकदा वर आणलेली साखर काही तासांनी पुन्हा कोसळते. तेव्हा अशा वेळी बरं वाटलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. डॉक्टरांना फोन करावा आणि दिवसभर माणसाजवळ कुणीतरी असावं.

आता दुसरा आकडा. घाबरलेल्या घराने दुपारी आईला प्रेमाने जेवू घातलं. साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढली, बटाट्याची भाजी, केळं, वर शिंगाड्याचा शिरा. तिच्या अंगात आधी पाजलेली साखर होतीच. दोन तासांनी 286.

साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातला स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदकं असतात, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत आणि चोथा नावालाच. म्हणजे भातापेक्षाही उघडीवाघडी साखर. दाण्याचं कूट भरपूर घातलं तर चढ थोडा मंदावतो, बरोबर दही घेतलं तर आणखी थोडा, पण ताटलीभर खिचडी ती ताटलीभर खिचडीच. भगर त्यामानाने बरी, मात्र तीही धान्यच, वाटी लहान हवी. राजगिऱ्याची भाकरी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला 13-14 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 25 च्या आसपास. भाकरीबरोबर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचं भरीत, ताक. उपासाला चालतं आणि साखरेलाही झेपतं. रताळं उकडून अर्धं खावं, गुळाच्या पाकात घोळवलेलं नको.

‘पण एकादशीला खिचडी नाही म्हणजे काय?’ हा प्रश्न मला आमच्याच घरात ऐकावा लागला. त्यावर माझं म्हणणं असं. ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि फोडणीतली मिरची, ही पाचही पिकं मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय लोक समुद्रमार्गे आल्यावर ती आपल्याकडे पोचली. ज्ञानेश्वरमाऊलींच्या काळात आळंदीला कुणी साबुदाण्याची खिचडी खाल्ली नाही. उपासाचं ताट आपल्याच पूर्वजांनी, बहुधा बायकांनी, चुलीपाशी बसून बदलत आणलं. आज साखरेपायी ते आणखी थोडं बदललं तर एकादशी कुठेही उणी होत नाही.

सगळे उपास सारखे नसतात, हेही ध्यानात घ्यावं लागतं. एकादशी दिवसभराची, सुटते द्वादशीला. श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो. संकष्टी चंद्रोदयाला, म्हणजे कधी साडेआठ तर कधी दहाच्या सुमाराला, आणि आभाळ भरलेलं असलं की पंचांग बघत बसायचं. हरतालिका कित्येक बायका निर्जळी करतात. नवरात्र तर नऊ दिवस. सकाळची गोळी तीच, पण पोटात घास पडण्याची वेळ प्रत्येक उपासाला वेगळी. म्हणून ‘उपासाला गोळी अर्धी करा’ असा शेजारणीकडून आलेला सल्ला कामाचा नाही. मनाने गोळी बंद करणंही नाही. टाइप 1 असलेल्या माणसाने तर पायाभूत इन्सुलिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं, पूर्ण बंद करायचंच नसतं. खाल्लं नाही म्हणून ते थांबवलं तर रक्तात किटोन साठून जिवावर बेतू शकतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. त्यांच्यावर असताना निर्जळी उपास केला तर अंग कोरडं पडतं, आणि साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतानाही किटोनचा धोका असतो. ग्लुकोमीटर अशा वेळी फसवा धीर देतं. मळमळ, पोटात दुखणं, धाप, यांपैकी काही दिसलं तर दवाखाना गाठावा.

आणि काहींनी उपास करूच नये. गरोदर आणि इन्सुलिनवर असलेल्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार बळावलेले, नुकतीच साखर फार उतरून दवाखान्यात जाऊन आलेले, तापाने पडलेले. इथे मी मधला मार्ग सुचवणार नाही.

त्या आषाढीनंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘उपास कुठले करता?’ आई गप्प. मग हळूच म्हणाली, ‘दोन्ही एकादश्या आणि संकष्टी.’ महिन्याला तीन. सतरा वर्षांत तिने हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ‘तुम्ही रागवाल म्हणून.’ मला वाईट वाटलं ते याचं, की तिला सोबत घेऊन जाणाऱ्या मीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या चाची मात्र रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांची वेळ घेतात. रोजे आणि मधुमेह यावर जगभर नीट अभ्यास झालाय. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 13 देशांतल्या पाहणीत दिसलं होतं की टाइप 2 च्या रुग्णांमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढतं. त्यानंतर डॉक्टर आणि धर्माचे जाणकार एकत्र बसले आणि नियम लिहिले गेले: आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला की रोजा सोडायचा, आणि बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही. चाचींनी हे सगळं आईला कट्ट्यावर बसून समजावलं. माझ्या भाषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आमच्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी कागद घेतला. एकादशीला ती गोळी सकाळच्या चहाबरोबर नाही, पहिल्या फराळाबरोबर, आणि कमी ताकदीची. पहिला फराळ नऊच्या आत. मग थोडं थोडं, तीनदा. बोट चार वेळा टोचायचं: सकाळी उठल्यावर, अकराला, दुपारच्या फराळानंतर दोन तासांनी आणि झोपताना. पाणी आणि ताक सोडायचं नाही. द्वादशीला पारण्यापासून पुन्हा नेहमीचं. हे आईपुरतं आहे. तुमच्या घरच्या माणसाचा कागद वेगळा असेल, तो उपासाच्या आठ दिवस आधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा.

एक गाठ मात्र कागदाने सुटेना. साखर उतरली तर मधेच खायचं म्हणजे व्रत मोडलं, ही आईची बोच. ती सोडवली तिच्या भजनी मंडळातल्या एका निवृत्त संस्कृतच्या बाईंनी. धर्मशास्त्राने आठ गोष्टी अशा सांगितल्यात की त्यांनी व्रत भंगत नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, यज्ञातलं हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि शेवटचं, औषध. आईने ती यादी ग्लुकोमीटरच्या वहीत मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवली.

यंदाच्या आषाढीला मी मुद्दाम तिच्याबरोबर देवळात गेले. रांग मोठी होती, पावसाची भुरभुर चालू होती. अकराच्या सुमाराला तिने स्वतःच मानेवरून हात फिरवला, खांबाला टेकली आणि पिशवीतून मशीन काढलं. 66. ग्लुकोजची पुडी पाण्याच्या बाटलीत ओतून ती सावकाश प्यायली आणि घड्याळ बघत उभी राहिली. मागच्या दोघी बायका बघतच होत्या.

‘काय हो, मोडला का उपास?’ एकीने विचारलं.

‘नाही,’ आई म्हणाली, ‘औषध घेतलं.’