शेजारच्या बाकावरची कॉपी

गेली दोन-तीन वर्षे रमजान आणि परीक्षा एकाच सुमारास येत आहेत. राबोडीत सहेरी उरकली की मुले पुन्हा झोपत नाहीत, पुस्तक उघडून बसतात. त्याच वेळी नौपाड्यातल्या इमारतींत दहावी-बारावीच्या मुलांसाठी चहाचे आधण चढलेले असते. गोखले रोडवरच्या क्लासच्या पाट्यांखाली संध्याकाळी जी मुले घोळक्याने उभी असतात, त्यांत रोजेदारही असतात आणि नसलेलेही. पेपर मात्र सगळ्यांना एकच असतो.

या दिवसांत शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. वर्ग सुटल्यावर, सगळे गेल्यावर, हळू आवाजात. “सर, माझ्या शेजारच्याने कॉपी केली. मी सांगायला हवं का?”

कॉपी करावी का, या प्रश्नाचे उत्तर लहान पोरालाही ठाऊक असते. हा प्रश्न वेगळा आहे. विचारणाऱ्याने काहीच चुकीचे केलेले नाही. तो आपला पेपर लिहीत होता, मान वर केली आणि नको ते दिसले. आता सांगावे तर दोस्ती जाते, न सांगावे तर स्वतःची तीन तासांची मेहनत वेड्यासारखी वाटते.

चुगली आणि साक्ष

आपल्या भाषेनेच या मुलाची अर्धी कोंडी केली आहे. मराठीत चहाडी, उर्दूत आणि बोलीत चुगली. दोन्ही शब्द सांगणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवतात. ‘चुगलीखोर’ हे बिरुद शाळेत एकदा चिकटले की दहावीपर्यंत निघत नाही. उर्दूत मात्र याच कृतीच्या आसपास आणखी दोन शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. एक ‘गीबत’, म्हणजे कुणाच्या पाठीमागे त्याचा खरा दोष चघळणे. दुसरा ‘गवाही’, म्हणजे साक्ष. गीबत ही इस्लाममध्ये मोठी निषिद्ध गोष्ट आहे. रोजा ठेवून गीबत करणारा नुसता उपाशी राहिला, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. पण साक्ष लपवणे हाही दोषच मानला आहे.

मग फरक कसा ओळखायचा? तेराव्या शतकातले हदीसचे अभ्यासक इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ या संग्रहात सहा प्रसंग सांगितले आहेत, ज्यांत दुसऱ्याचा दोष बोलून दाखवणे गीबत ठरत नाही. अन्याय झालेल्याने न्याय देऊ शकणाऱ्याकडे दाद मागणे हा त्यातला पहिला. चुकीची गोष्ट थांबवण्यासाठी, ती थांबवू शकणाऱ्याची मदत घेणे हा दुसरा. थोडक्यात, कुणाला सांगता आणि कशासाठी सांगता, यावर सगळे अवलंबून आहे. कँटीनमध्ये दहा जणांना “अरे, त्याने चिठ्ठी आणली होती” असे सांगणे ही चुगली. तेच परीक्षा विभागात जाऊन सांगणे ही तक्रार. शब्द तेच, पण काम निराळे.

याला एक लगामही आहे. कुराणात ज्या ठिकाणी गीबत करू नका असे सांगितले आहे, तिथेच दुसऱ्यावर पाळत ठेवू नका आणि नुसत्या संशयावर जाऊ नका, असेही सांगितले आहे. म्हणजे डोळ्यासमोर आले ते सांगणे वेगळे आणि कोण काय करतो हे हुडकत फिरणे वेगळे. “त्याला एवढे मार्क पडले म्हणजे नक्कीच...” हा पुरावा नव्हे. अनेकदा तो मत्सरच असतो.

एका तक्रारीचा धागा

“एकाने सांगून काय होणार?” असे मुले म्हणतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्रातलीच एक हकिगत आहे आणि ती फार जुनी नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट ‘क’ आणि गट ‘ड’ या पदांची परीक्षा २४ आणि ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. पेपर आधीच काही जणांच्या मोबाइलवर फिरल्याचे परीक्षा देणाऱ्या मुलांच्या लक्षात आले. ही मुले काही बड्या घरची नव्हती. अभ्यासिकेत दिवस काढणारी, मेसचा डबा दोन वेळा पुरवणारी ही पोरे. त्यांनी आरडाओरड केली, मोबाइलवरचे पुरावे पुढे आणले. तपास पुण्याच्या सायबर पोलिसांकडे गेला आणि आरोग्य विभागातल्याच अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला.

धागा तिथे तुटला नाही. त्याच तपासात म्हाडाच्या भरतीचा पेपर फुटण्याच्या बेतात असल्याचे पोलिसांना कळले. ५६५ जागांची ती परीक्षा १२ डिसेंबर २०२१ ला सुरू व्हायची होती. आदल्या रात्री उशिरा ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड, म्हणजे आपल्या शेजारच्या कळवा-मुंब्र्याचे आमदार, यांनी उमेदवारांची माफी मागितली. म्हाडा प्रकरणाच्या झडतीत शिक्षक पात्रता परीक्षेची, म्हणजे टीईटीची, कागदपत्रे सापडली. मग राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर टीईटीतल्या गैरप्रकाराबद्दल कारवाई झाली.

टीईटी कशाची परीक्षा आहे, हे क्षणभर आठवून पाहू. आपल्या मुलांना पहिली ते आठवीपर्यंत शिकवणाऱ्यांची. पैसे देऊन पास झालेला माणूस पुढची तीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिला असता आणि त्याच्याच वर्गात आपण मुलाला “खोटं बोलू नकोस” म्हणून पाठवले असते. आरोग्य विभागाचा पेपर हाती पडलेल्या मुलांनी “आपल्याला काय करायचंय” असे म्हटले असते, तर हा धागा कुणाच्या हाती लागला असता, कोण जाणे.

ठाणेकरांना यापूर्वीचेही एक प्रकरण आठवत असेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये सैन्यभरतीचा फुटलेला पेपर ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पकडला होता. छापे पुणे, नागपूरपासून गोव्यापर्यंत पडले आणि शेकडो उमेदवारांना ताब्यात घेतले गेले. पेपर विकत घेणारी ती मुले पोलीस ठाण्याच्या आवारात जमिनीवर बसली होती. त्यातल्या कितीकांनी आयुष्यातली पहिली कॉपी आठवीच्या घटक चाचणीत केली असेल आणि तेव्हा ती पाहणाऱ्याने हसून सोडून दिले असेल, असा विचार मनात येतोच.

सगळी कॉपी सारखी नाही

तरीही प्रत्येक चोरट्या नजरेला सैन्यभरतीच्या मापाने मोजू नये. अडलेला मुलगा शेजाऱ्याच्या पेपरात एका ओळीपुरता डोकावतो, त्याचे काम पर्यवेक्षकाच्या एका दटावणीने भागते. घरून चिठ्ठ्या तयार करून आणणाऱ्याने ठरवून केलेले असते. मोबाइलवर बाहेरून उत्तरे मागवणारा, दुसऱ्याला आपल्या जागी बसवणारा किंवा पेपर विकणारा हा तर धंदाच करतो. तिथे मैत्रीचा प्रश्न उरत नाही.

कायदाही असाच फरक करतो. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा अधिनियम १९८२ पासून आहे. केंद्राचा नवा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात पेपर फोडणाऱ्याला तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड. पण या केंद्रीय कायद्याचा रोख गैरप्रकार घडवणाऱ्यांवर आहे. परीक्षार्थी मुलांचा निवाडा त्या त्या परीक्षेच्या नियमांनुसारच होतो. कॉलेजात त्यासाठी चौकशी समिती असते आणि मुलाला आपली बाजू मांडायची संधी मिळते. सांगणाऱ्याच्या मनातली मोठी भीती असते, “माझ्यामुळे त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होईल.” त्याने एवढे लक्षात ठेवावे की निकाल त्याने द्यायचा नाही. त्याने फक्त पाहिले ते सांगायचे आहे.

आणि “त्याने कॉपी केली, माझे काय गेले?” हेही आता खरे नाही. पूर्वी पस्तीस मार्कांचा उंबरठा ओलांडला की झाले, असे होते. आज एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे तुमची जागा इतरांच्या तुलनेत ठरते. चोरीचे गुण घेऊन एक जण वर चढला की दुसरा तेवढाच खाली येतो. तो कोण, हे कधी कळत नाही, म्हणून त्याच्या बाजूने कुणी बोलत नाही. तक्रार न करणारा आपण दयाळू आहोत असे समजतो. पण ती दया समोर दिसणाऱ्या मित्रावर असते. न दिसणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

आपला आणि परका

आपल्या शहरातल्या वर्गात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि त्यावर फारसे कुणी बोलत नाही. एका बाकावर जोशी, दुसऱ्यावर शेख, तिसऱ्यावर कांबळे, चौथ्यावर डिसोझा. तक्रार करणारा एका समाजाचा आणि कॉपी करणारा दुसऱ्या समाजाचा निघाला, की बाहेर गोष्टीला वेगळाच रंग चढतो. चांगली मुले या भीतीने गप्प बसतात. उलट आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच जातीचा असेल तर “आपल्या माणसाला कशाला अडकवायचे” म्हणून गप्प बसतात. म्हणजे दोन्हीकडून गप्पच.

कुराणातल्या सूरह निसामध्ये न्यायाच्या साक्षीबद्दल सांगताना ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध असली तरी द्या, असा आदेश आहे. मला त्यात एक व्यवहारी शहाणपण दिसते. जो आपल्या माणसाबद्दल खरे बोलतो, त्याचे परक्याबद्दलचे बोलणे लोक विश्वासाने ऐकतात. नौपाड्यातल्या मुलाने आणि राबोडीतल्या मुलाने हा एकच नियम पाळला, तर कॉपीची तक्रार ही कॉपीचीच तक्रार राहील.

सक्तीचा धोका

मग न सांगणाऱ्यालाही शिक्षा ठेवावी का? अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीने तसे करून पाहिले. तिथल्या आचारसंहितेनुसार छात्राने स्वतः लबाडी करायची नाही आणि करणाऱ्याला खपवूनही घ्यायचे नाही. १९७६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या घरी सोडवायच्या एका परीक्षेत एकमेकांची उत्तरे उतरवल्याचे उघड झाले आणि दीडशेहून अधिक छात्रांना अकादमी सोडावी लागली. त्यातल्या अनेकांना नंतर परत येण्याची संधी दिली गेली. इतका कडक नियम असूनही एवढी मुले एकमेकांना सांभाळून घेत राहिली. यावरून कळते ते हे की धाकाने साक्ष मिळत नाही. सांगणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटले तरच ती मिळते.

मग करायचे काय?

मुलांनो, क्रम साधा आहे. आधी स्वतःला विचारा, मी हे स्वतः पाहिले की ऐकले? ऐकलेले असेल तर तिथेच थांबा. गोष्ट लहान असेल आणि मैत्री खरी असेल, तर आधी त्यालाच एकट्यात सांगा. “मी पाहिलं. पुन्हा केलंस तर मी गप्प बसणार नाही.” हे वाक्य म्हणायला तक्रारीपेक्षा जास्त धाडस लागते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. मोबाइल, फुटलेला पेपर किंवा पैशाचा व्यवहार दिसला, तर मात्र वाट पाहू नका. विश्वासाच्या शिक्षकाकडे किंवा परीक्षा विभागाकडे जा, सोबत घरचे कुणी असू द्या, पाहिले तेवढेच सांगा आणि बाहेर त्याची चर्चा करू नका. ग्रुपवर त्याचे नाव टाकणे तर मुळीच नाही. तो निवाडा नव्हे, दगडफेक आहे.

उरले आपण मोठे. तक्रार घेऊन आलेल्या मुलाचे नाव स्टाफरूममध्ये जाहीर करणारा शिक्षक पुढच्या दहा मुलांची तोंडे बंद करतो. “तू आपलं बघ” म्हणणारे पालकही तेच करतात. पर्यवेक्षकाने खिडकीबाहेर पाहायचे आणि साक्षीचे ओझे सोळा वर्षांच्या पोरावर टाकायचे, हा न्याय नाही. वर्गात चोख पहारा असेल, तर शंभरातल्या नव्वद मुलांवर हा प्रश्न येणारच नाही.

रोजा ठेवणाऱ्याला कुणी तपासत नाही. बंद दाराआड पाण्याचा घोट घेतला तर कोणाला कळणार? तरी ऐन दुपारच्या उन्हात, घसा कोरडा पडलेला असताना, लहान पोरेसुद्धा तो घेत नाहीत. एवढी ताकद आपल्या मुलांत आहे, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो. उपवास मंगळवारचा असो की रमजानचा, ती सगळ्या घरांतल्या मुलांत असते. परीक्षेच्या वर्गात ती वापरायला त्यांना शिकवणे आणि वापरली तर त्यांच्या पाठीशी उभे राहणे, एवढे तरी आपण करायला हवे.