विश्लेषण : आठ बाय चारचा व्हिनियर बोर्ड घरच्या घरी अचूक कसा कापायचा? कड का उडते आणि करवत मागे का झेपावते?

सागवानी व्हिनियर चढवलेला आठ बाय चार फुटांचा बोर्ड समोर आला की पहिला काप देताना सराईत हातही थबकतो. बोर्डची किंमत काही हजारांत असते, वरचा खऱ्या लाकडाचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि उडालेली कड पॉलिशखाली लपत नाही. गच्चीत किंवा गॅरेजमध्ये हौसेने फर्निचर करणाऱ्या अनेकांना वाटते, की महागडे यंत्र नसल्यामुळे काप बिघडतो. प्रत्यक्षात बोर्डला खालून मिळालेला आधार आणि करवतीला मिळालेली सरळ वाट, या दोन गोष्टींवर बरेच काही ठरते. बोटांची सुरक्षितताही त्यांच्यावरच अवलंबून असते.

व्हिनियर बोर्ड म्हणजे नेमके काय?

लाकडाचा पातळ पापुद्रा काढून तो प्लायवुड किंवा एमडीएफवर दाबाखाली चिकटवला, की व्हिनियर बोर्ड तयार होतो. आपल्याकडे तो दोन प्रकारे वापरला जातो. एक म्हणजे थेट तयार बोर्ड. दुसरा म्हणजे साधारण ४ मिमी जाडीची व्हिनियर शीट आणून ती १८ मिमी प्लायवर चिकटवणे. अशा सजावटीच्या प्लायवुडसाठी आयएस १३२८ हे भारतीय मानक आहे. साध्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१०.

पूर्ण बोर्डचे माप २४४० बाय १२२० मिमी. १८ मिमी जाडीचा प्लाय असेल तर वजन ३० किलोंच्या आसपास जाते, एमडीएफ असेल तर त्याहून जास्त. एवढे मोठे, जड आणि लवचीक पान एकट्याने सांभाळायचे असते. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

कापताना कड का उडते?

लाकडाचे तंतू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या नळ्यांची जुडी. करवतीचा दात लाकडात शिरतो तेव्हा पुढचे तंतू मागच्या लाकडाला टेकलेले असतात, त्यामुळे ते स्वच्छ कापले जातात. दात जिथून बाहेर पडतो तिथे मात्र तंतूंना मागून आधार नसतो. ते कापले जाण्याआधी उचकटतात. यालाच सुतार ‘चिपिंग’ म्हणतात.

रेषेच्या दिशेने कापताना हा त्रास कमी असतो. रेषेला आडवे कापताना तो सर्वाधिक जाणवतो, कारण प्रत्येक तंतू तुटावा लागतो.

चांगली बाजू वर ठेवायची की खाली?

दात कोणत्या बाजूने बाहेर पडतो, यावर ते ठरते. हातात धरून चालवायच्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापत येतात, म्हणून चिपिंग वरच्या बाजूला होते. तिथे चांगली बाजू खाली ठेवावी. जिगसॉची नेहमीची पातीही वर येतानाच कापतात, म्हणून नियम तोच. टेबल सॉमध्ये मात्र पाते खालून डोकावते आणि समोरचे दात वरून खाली जातात. तिथे चांगली बाजू वर हवी. पुढे ढकलताना कापणाऱ्या हातकरवतीलाही हेच लागू.

दोन्ही बाजूंना व्हिनियर असेल, उदाहरणार्थ वॉर्डरोबचे दार, तर आणखी तीन उपाय एकत्र करावे लागतात.

पहिला, धारदार कटरने कापाच्या रेषेवर तीन-चार हलके घाव देऊन वरचा पापुद्रा आधीच कापून घ्यावा. एकाच दमात जोर लावला तर सुरी लाकडाच्या रेषेमागे भरकटते. करवत या रेषेच्या टाकाऊ बाजूने, रेषेला अगदी लागून चालवावी.

दुसरा, बारीक दातांचे पाते. १८५ मिमी व्यासाच्या पात्याला २४ दात असतील तर ते चौकटीच्या जाड लाकडासाठी ठीक. व्हिनियरसाठी ४० ते ६० दातांचे कार्बाइड टोकाचे पाते लागते.

तिसरा, पात्याची खोली. पाते बोर्डच्या जाडीपेक्षा ५-६ मिमीच जास्त खाली ठेवावे. त्यामुळे वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडताना दात कमी उभा असतो आणि तंतू कमी उचकटतात. मास्किंग टेपचीही मदत होते. ती काढताना पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून सावकाश काढावी, नाहीतर टेपबरोबर कपचीही निघते.

कारखान्यांतील पॅनल सॉ हेच काम यंत्राने करतो. मुख्य पात्याच्या पुढे एक छोटे पाते उलट दिशेने फिरते आणि खालच्या पृष्ठभागावर उथळ चर पाडते. घरी सुरीने केलेला घाव म्हणजे त्याच तत्त्वाची हातची आवृत्ती.

हलवायचे काय, बोर्ड की करवत?

टेबल सॉवर आठ फुटी बोर्ड लांबीत कापायचा तर यंत्राच्या पुढे आठ आणि मागे आठ, अशी किमान सोळा फूट मोकळी जागा लागते. ३० किलोंचे पान ढकलताना जरासे फिरले तरी ते पात्यात अडकते. म्हणून घरच्या जागेत बोर्ड स्थिर ठेवावा आणि करवत त्याच्यावरून चालवावी. त्यासाठी बोर्डच्या चारी बाजूंना माणूस उभा राहील एवढी जागा पुरते.

करवत मागे का झेपावते?

याला ‘किकबॅक’ म्हणतात. बोर्ड फक्त दोन टोकांना स्टुलांवर ठेवून मधोमध कापला, की काप पुढे जाईल तसा मधला भाग खाली झुकतो. कापाच्या वरच्या कडा एकमेकींकडे सरकतात आणि पाते चिमटीत सापडते. १८५ मिमीचे पाते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १७५ किमी होतो. पाते थांबले की ती ऊर्जा करवतीलाच चालवणाऱ्याच्या दिशेने फेकते.

यावर उपाय म्हणजे संपूर्ण बोर्डला आधार. जमिनीवर ५० मिमी जाडीचे थर्माकोल किंवा फोमचे पान अंथरून त्यावर बोर्ड ठेवला, की काप पूर्ण झाल्यावरही दोन्ही तुकडे जागेवरच राहतात. जुना फ्लश दरवाजाही चालतो. त्यावर पात्याचे उथळ चरे पडतील एवढेच. पट्ट्या वापरायच्या असतील तर चार हव्यात, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. मदतीला माणूस असेल तर त्याने सुटणारा तुकडा सांभाळावा, उचलून धरू नये. तुकडा उचलला तरी पाते चिमटीत सापडते.

कापताना स्वतः पात्याच्या सरळ मागे न राहता थोडे बाजूला राहावे.

घरी ट्रॅक कसा बनवायचा?

बाजारात ट्रॅक सॉ मिळतात, पण साध्या सर्क्युलर सॉसाठी घरगुती ट्रॅक एका दुपारी बनतो. ६ मिमी प्लायची साधारण एक फूट रुंद पट्टी हा पाया. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी सेक्शन स्क्रूने घट्ट बसवायचे, ही गाइड पट्टी. पाया हेतुतः थोडा जास्त रुंद ठेवायचा. मग करवत सेक्शनला टेकवून एकदा चालवली, की पायाचा जादा भाग कापला जातो. उरलेली कड म्हणजेच पाते नेमके जिथून जाते ती रेषा. यापुढे ही कड खुणेवर ठेवली आणि दोन क्लॅम्प आवळले, की दर वेळी अंतर मोजत बसावे लागत नाही.

हीच कड वरून व्हिनियरच्या तंतूंना दाबूनही धरते. म्हणून ट्रॅक नेहमी आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवावा, टाकाऊ बाजूवर नाही. आठ फुटी कापासाठी सेक्शन नऊ फुटांचे घ्यावे आणि खालचा पाया दोन तुकड्यांत जोडावा. करवत किंवा पाते बदलले तर ही कड निरुपयोगी ठरते; नवा ट्रॅक लागतो.

सेक्शन खरेच सरळ आहे का, हे आधी तपासावे. त्याला टेकवून रेघ मारावी, सेक्शन उलटे करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा रेघ मारावी. दोन रेघांत फट दिसली तर खरा बाक त्या फटीच्या निम्मा असतो.

मापे कुठे चुकतात?

बहुतेकदा पात्याच्या जाडीत. २४४० मिमीचे चार समान भाग म्हणजे प्रत्येकी ६१०, हा कागदावरचा हिशेब. पात्याचा काप २.५ मिमी असेल तर तीन कापांत ७.५ मिमीचा भुसा होतो आणि प्रत्येक तुकडा ६०८ मिमीच भरतो. आपल्या पात्याचा काप टाकाऊ तुकड्यावर आधीच मोजून यादी बनवावी.

दुसरी चूक कोनाची. छोट्या गुण्यावर अर्धा अंशाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. १२२० मिमी रुंदीवर तोच साडेदहा मिमीहून जास्त होतो. त्यामुळे मोठ्या बोर्डवर गुण्याऐवजी कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले तर चौकोन काटकोनात आहे. पूर्ण बोर्डचा कर्ण २७२८ मिमी यायला हवा. कोपरा तपासायला ६००, ८०० आणि १००० मिमीचा त्रिकोणही पुरतो.

तिसरी चूक पैशाने भरून निघत नाही. शेजारच्या दोन दारांवर लाकडाची रेषा सलग यावी म्हणून तुकडे त्याच क्रमाने कापायचे असतात. चांगली बाजू खाली ठेवली की डावे-उजवे बदलते. म्हणून कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण काढून ठेवावा.

मार्बल कटर चालेल का?

अनेक साइटवर मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून प्लाय कापलेला दिसतो. ही सवय धोकादायक आहे. मार्बल कटर साधारण १३,००० आरपीएमच्या आसपास फिरतो आणि सर्क्युलर सॉसारखे पाते आपोआप झाकणारे स्प्रिंगचे कवच त्याला नसते. पात्यावर छापलेली कमाल आरपीएम यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल, तर पाते फुटण्याचाही धोका असतो.

पाते बदलताना प्लग काढावा. फिरत्या पात्याजवळ सैल हातमोजे घालू नयेत. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन९५ मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा आणि एमडीएफच्या गोंदात वापरले जाणारे फॉर्मल्डिहाइड, दोन्ही कर्करोगकारक ठरवले आहेत.

घरी कापू नये असे कधी?

बोर्डला खालून पूर्ण आधार देण्याइतकी जागा नसेल, किंवा मदतीला कोणी नसताना बोर्ड उचलून फिरवावा लागणार असेल, तर पहिला काप बाहेर करून घ्यावा. पॅनल सॉ असलेल्या प्लायच्या दुकानात किंवा फर्निचरच्या कारखान्यात बोर्ड मापापेक्षा १०-१५ मिमी मोठ्या तुकड्यांत कापून मिळू शकतो. लहान तुकडा घरी ट्रॅकवर अंतिम मापाला आणणे सोपे जाते. काही झाले तरी पहिला काप व्हिनियरवर देऊ नये. तेवढ्याच जाडीच्या साध्या प्लायच्या तुकड्यावर तेच पाते, तीच खोली आणि तोच ट्रॅक वापरून पाहावा. कड स्वच्छ आली आणि माप जुळले, तरच बोर्डवर खूण करावी.