कमी ऐकू येणाऱ्यांसाठी चार्जिंगचे यंत्र : घेण्यापूर्वी पारख कशी करावी?



आपल्या विहारात रविवारच्या वंदनेस नियमाने येणारे एक ज्येष्ठ उपासक मध्यंतरी काही महिने दिसेनासे झाले. चौकशीसाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा आधी गुडघेदुखीचे निमित्त पुढे आले. चहा झाल्यावर खरे कारण कळले. ते म्हणाले, "प्रवचनाचा आवाज येतो हो, पण शब्द लागत नाहीत. सगळे हसले की मीही हसतो. असे किती दिवस बसायचे?" त्यांच्या मुलाने हौसेने बाजारातून चार्जिंगचे कानाचे यंत्र आणून दिले होते. दोन दिवस वापरून ते कपाटात पडले होते, कारण त्यातून पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट तेवढा मोठा येई, बोलणे मात्र तसेच राही.

अशी कपाटात पडलेली यंत्रे आज अनेक घरांत आहेत. हजार-दीड हजार रुपयांपासून ती मिळतात, सेल बदलण्याची कटकट नसते, म्हणून मुले-नातवंडे ती आणून देतात. ती सर्वच निरुपयोगी आहेत असे नाही आणि सर्वच उपयोगी आहेत असेही नाही. म्हणून पारख कशी करावी, हे सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

आवाज येतो, शब्द का लागत नाहीत?

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात अत्यंत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वयोमानाने किंवा वर्षानुवर्षे गोंगाटात काम केल्याने या पेशी झिजतात आणि एकदा गेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आपल्यातील कित्येक ज्येष्ठांचे आयुष्य गिरणीच्या कताई खात्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, गोदीत किंवा कारखान्यात गेले. त्या गोंगाटाची किंमत त्यांचे कान आज मोजीत आहेत.

बहुधा प्रथम झिजतात त्या उंच पट्टीचे, बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी. स्वरांचा आवाज जाड व जोरकस असतो, तो ऐकू येत राहतो. परंतु स, श, फ, थ यांसारखी व्यंजने बारीक व हलकी असतात, ती निसटतात. म्हणून भाजीवाला "साठ" म्हणतो आणि आजोबांना "आठ" ऐकू येते. "सून आली" याऐवजी "ऊन आले" असे वाटते. घरातली माणसे समजतात, म्हाताऱ्याचे लक्ष नाही. वस्तुतः लक्ष असते, अक्षर पोहोचलेले नसते.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे, तर कुजबूज सुमारे ३० डेसिबलची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीनुसार चांगल्या कानाने ऐकू येण्याची मर्यादा २० ते ३५ डेसिबलच्या दरम्यान गेली, तर ती सौम्य श्रवणहानी होय. अशा माणसाला शांत खोलीत समोरासमोरचे बोलणे कळते, परंतु सभेत, लग्नमंडपात किंवा पंख्याखाली अडचण येते. हा लेख प्रामुख्याने याच मंडळींसाठी आहे.

ॲम्प्लिफायर आणि श्रवणयंत्र यांतील फरक

दोन्ही यंत्रे दिसायला सारखी असतात. दोहोंत एक माइक, आवाज वाढविणारा भाग आणि कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर असतो. परंतु साधा ॲम्प्लिफायर येईल तो आवाज सरसकट वाढवितो. जेथे कान शाबूत आहे तेथेही वाढवितो आणि जेथे उणीव आहे तेथेही वाढवितो. श्रवणयंत्र मात्र त्या व्यक्तीच्या तपासणीच्या आलेखानुसार, म्हणजे ऑडिओग्रामनुसार, ज्या पट्टीत जेवढी उणीव तेवढीच भर घालते. शिवाय एकदम मोठा आवाज आला तर ते त्याला आवर घालते.

अमेरिकेत २०२२ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने १८ वर्षांवरील सौम्य ते मध्यम श्रवणहानीच्या व्यक्तींना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र घेण्याची मुभा दिली. त्याबरोबर अशा यंत्राचा कमाल आवाज १११ डेसिबल (आवाज आपोआप आवरणाऱ्या यंत्रास ११७) यापुढे जाता कामा नये, असे बंधनही घातले. नुसत्या ॲम्प्लिफायरला तेथे श्रवणयंत्र मानीत नाहीत. ते चांगले ऐकू येणाऱ्यांनी विशिष्ट प्रसंगी वापरण्याचे साधन समजले जाते. म्हणून खोक्यावर "हिअरिंग एड" छापलेले आहे एवढ्यावर विसंबू नये. कमाल आवाज किती, तो आवरण्याची सोय आहे का, हे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पाहावे. तेथे काहीच लिहिले नसेल तर सावध व्हावे.

मग स्वस्त यंत्र घेऊच नये काय? तसेही नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सौम्य ते मध्यम श्रवणहानी असलेल्या ४२ जणांवर पाच ॲम्प्लिफायर आणि एक रीतसर श्रवणयंत्र यांची तुलना केली. गोंगाटातील बोलणे यंत्राशिवाय सरासरी ७६.५ टक्के समजत होते, श्रवणयंत्राने ते ८८.४ टक्क्यांवर गेले. अडीचशे ते साडेतीनशे डॉलरच्या ॲम्प्लिफायरांपैकी काही याच्या जवळपास पोहोचले. परंतु सर्वांत स्वस्त, सुमारे ३० डॉलरच्या यंत्राने ऐकणे सुधारण्याऐवजी सुमारे ११ टक्क्यांनी घटले. यावरून एवढेच घ्यावयाचे की, स्वस्त यंत्र उपयोगी पडू शकते आणि वाईट यंत्र उघड्या कानापेक्षाही वाईट ठरू शकते.

प्रथम कान तपासा

यंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवावा आणि ऑडिओग्राम काढून घ्यावा. सरकारी व पालिका रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात अल्प खर्चात तपासणी होते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठी आहे. कित्येकदा कानात साचलेला मळ हेच बहिरेपणाचे कारण असते आणि तो काढला की यंत्राची गरजच उरत नाही. तो काढण्यासाठी काडी, पिन किंवा गरम तेल यांचा प्रयोग घरी कदापि करू नये.

पुढील लक्षणे असल्यास यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे :

(१) एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येणे कमी झाले. यात एक दिवसाचाही उशीर करू नये.
(२) एकाच कानाने कमी ऐकू येते किंवा एकाच कानात सतत आवाज येतो.
(३) कान वाहतो, दुखतो किंवा चक्कर येते.
(४) कमी ऐकणारी व्यक्ती लहान मूल आहे. मुलांना बाजारातील ॲम्प्लिफायर कधीही लावू नये.

यंत्राची परीक्षा

केसपुत्त गावी आलेल्या तथागतांनी कालामांना उपदेश केला की, परंपरेने सांगितले किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पडताळून पाहा. दुकानदाराचे बोलणे आणि जाहिरात यांनाही हाच नियम लावावा. आम्ही अशी दोन यंत्रे सहकाऱ्यांसह वापरून पाहिली. त्या अनुभवावरून पुढील रीत सुचवितो.

(१) पक्के बिल घ्यावे आणि यंत्र परत करण्याची मुदत त्यावर लिहून घ्यावी.

(२) प्रथम आवाज अगदी कमी ठेवून शांत घरात तासभर वापरावे. रोज थोडा वेळ वाढवावा. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे होण्यास काही आठवडे लागतात. दोन दिवसांत निर्णय करू नये.

(३) शब्दांची चाचणी घ्यावी. घरातील विद्यार्थ्याने साठ-आठ, सून-ऊन, फार-पार अशा वीस शब्दांची यादी करावी. सहा फुटांवर बसून, तोंडापुढे कागद धरून, नेहमीच्या आवाजात शब्द वाचावेत. आधी यंत्राशिवाय, मग शब्दांचा क्रम बदलून यंत्रासह. किती बरोबर आले ते लिहावे. हीच चाचणी पंखा लावून पुन्हा घ्यावी. यंत्रासह गुण वाढले नाहीत तर यंत्र परत करावे, मग ते कितीही मोठा आवाज देवो.

(४) घरच्या माणसाने एक टाळी वाजवावी, स्टीलचे ताट ओट्यावर ठेवावे. कानात कळ येत असेल किंवा माणूस दचकत असेल तर ते यंत्र वापरू नये. मोठ्या आवाजाने उरलेले ऐकणेही जाऊ शकते.

(५) यंत्र शिट्टी मारीत असेल तर कानातील रबरी टोपण सैल आहे असे समजावे. सोबत आलेली लहान-मोठी टोपणे लावून पाहावीत.

(६) पूर्ण चार्ज केल्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरते का, ते घड्याळ लावून पाहावे. चार्जिंगच्या यंत्राचा मोठा फायदा असा की, थरथरत्या बोटांना बारीक सेल बदलावा लागत नाही आणि नातवंडाने सेल गिळण्याचे भय राहत नाही. तोटा असा की, आतील बॅटरी बहुधा बदलता येत नाही. काही वर्षांनी तिचा जोर कमी होतो आणि यंत्रही बाद होते. शिवाय जेथे वीज वारंवार जाते तेथे रात्री चार्ज करण्याची शिस्त पाळावी लागते. यंत्र पाण्यापासून, घामापासून व उन्हापासून जपावे.

खर्चाचा प्रश्न

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक हानी असल्याशिवाय श्रवणदोषाचे दिव्यांगत्व धरले जात नाही. त्यामुळे सौम्य हानी असलेल्यांना दिव्यांगांच्या योजनांचा लाभ मिळत नाही. परंतु वयावर आधारलेल्या योजना आहेत. केंद्र सरकारने २०१७ साली गरीब ज्येष्ठांना साधने देण्यासाठी राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद केली. अर्ज भरणे, कागदपत्रे जमविणे यांत शिकलेल्या मुलांनी वस्तीतील ज्येष्ठांना साहाय्य करावे.

ज्याला पैसा लागत नाही

यंत्र हा उपायाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा आपल्या हाती आहे. कमी ऐकणाऱ्याशी ओरडून बोलू नये. ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजने पुसली जातात. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलावे. "जाऊ द्या, काही नाही" हे शब्द तर कधीच उच्चारू नयेत, त्यानेच माणूस तुटतो. विहारात वक्त्याने माइक तोंडाजवळ धरावा, ज्येष्ठांसाठी पुढील दोन रांगा राखाव्यात, प्रवचनाच्या वेळी आवाज करणारे पंखे बंद ठेवावेत. आणि तरुणांना एक कळकळीची विनंती. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तासन् तास नाचताना आपल्या कानांतील त्याच पेशी आपण जाळीत असतो. बाबासाहेबांची जयंती कान शाबूत ठेवूनही थाटात साजरी होते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या उपासकांचे पुढे काय झाले, ते सांगणे उचित होईल. एका कानातील मळ काढण्यात आला. तपासणीत दोन्ही कानांत सौम्य हानी निघाली. जुने यंत्र शब्दांच्या चाचणीत उतरले नाही. दुसरे थोडे महाग यंत्र, श्रवणतज्ज्ञांनी आलेखाप्रमाणे बसवून दिलेले, वीसपैकी अकरावरून सोळा शब्दांवर गेले. सगळे ऐकू येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. परंतु आता ते दुसऱ्या रांगेत बसतात आणि न कळलेला शब्द शेजाऱ्याला निःसंकोच विचारतात.

बुद्धाच्या शिष्याला श्रावक म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. आपल्या वस्तीतील एकही श्रावक केवळ संकोचापायी किंवा चुकीच्या यंत्रापायी विहारापासून दूर राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे. डोळ्यांना चष्मा लावण्यात लाज नाही, तशी कानाला यंत्र लावण्यातही नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!