हिमनद्यांच्या पाऊलखुणांवर, मुलाबाळांसह

अमेरिकेच्या माँटाना राज्यात, कॅनडाच्या सीमेला अगदी खेटून, ग्लेशिअर नॅशनल पार्क हे विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. १९१० साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक असून त्यातील पायवाटांची एकत्रित लांबी अकराशे किलोमीटरच्या पुढे जाते. सीमेपलीकडील वॉटरटन लेक्स या कॅनडाच्या उद्यानाशी १९३२ साली त्याची सांगड घालण्यात आली आणि जगातील पहिले आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान अस्तित्वात आले. उन्हाळी सुटीत येथे येणाऱ्यांत अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही असतात. बरोबर शाळकरी मुले आणि पुष्कळदा भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. तीन पिढ्यांच्या अशा सहलीत एक प्रश्न हमखास निघतो : "नाव ग्लेशिअर, मग ग्लेशिअर आहे कुठे?"

प्रश्न रास्त आहे. या उद्यानाची खरी ओळख आज शिल्लक असलेल्या हिमनद्यांपेक्षा पूर्वी होऊन गेलेल्या हिमनद्यांमुळे आहे. गेल्या हिमयुगात येथील दऱ्या शेकडो मीटर जाडीच्या बर्फाने भरलेल्या होत्या. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी तो बर्फ ओसरला आणि त्याने कोरलेला, घासलेला, खरवडलेला प्रदेश उघडा पडला. आजच्या लहानशा हिमनद्या त्या महाकाय प्रवाहांचे अवशेष नव्हेत. त्या गेल्या सुमारे सात हजार वर्षांत नव्याने तयार झाल्या, १८५०च्या सुमारास सर्वाधिक वाढल्या आणि तेव्हापासून आक्रसत आहेत. उंच शिखरांच्या सावलीत, सहज नजरेस न पडणाऱ्या खोबणींत त्या दडलेल्या असतात. हे ध्यानात घेतले, की सहलीचा आराखडाच बदलतो. बर्फाला हात लावण्याच्या हट्टापायी सात वर्षांच्या मुलाला सतरा किलोमीटर चालवण्यापेक्षा, बर्फाने काय केले हे त्याला चार किलोमीटरांत दाखवणे अधिक शहाणपणाचे आहे.

आपल्याकडील शालेय भूगोलात हिमनदीच्या कार्याचा धडा असतो. 'यू' आकाराची दरी, लोंबती दरी, हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, हिमोढ ही नावे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या मुलांनी केवळ परीक्षेपुरती पाठ केलेली असतात, कारण आपला प्रदेश लाव्हारसाचा आणि पावसाने कापलेला. येथे मात्र तो संपूर्ण धडा एका रस्त्यावर उलगडतो. 'गोइंग-टु-द-सन रोड' हा सुमारे ८० किलोमीटरांचा मार्ग उद्यान आरपार ओलांडतो. १९३२ साली तो पूर्ण झाला व १९३३ साली त्याचे रीतसर उद्घाटन झाले. पश्चिमेकडून निघाल्यावर मॅकडोनाल्ड सरोवर लागते. सुमारे सोळा किलोमीटर लांबीचे हे सरोवर हिमनदीने खोल केलेल्या दरीत साठलेले आहे. पुढे घाट चढताना मागे वळून पाहिले, की दरीचा तळ रुंद आणि बाजू उभ्या दिसतात. नदीने कापलेली दरी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते, बर्फाने कोरलेली 'यू'सारखी. वाटेत 'बर्ड वुमन फॉल्स' हा धबधबा समोरच्या डोंगरावर अधांतरी सुटल्यासारखा दिसतो. तीच लोंबती दरी. मुख्य हिमनदीने आपला तळ खोल नेला, छोट्या उपनदीला ते जमले नाही. बर्फ गेल्यावर उपनदीचे तोंड उंचावर लटकत राहिले. रस्त्याच्या माथ्यावरची 'गार्डन वॉल' नावाची करवतीसारखी भिंत म्हणजे दोन बाजूंनी हिमनद्यांनी खाऊन उरलेले शुककूट, आणि लोगन खिंडीजवळचे टोकदार रेनॉल्ड्स शिखर हे गिरिशृंग. आजी-आजोबांपैकी कोणी भूगोलाचे शिक्षक असतील, तर गाडीतील सूत्रे त्यांच्याकडे सोपवावीत.

प्रत्यक्ष चालण्यासाठी पहिली निवड निःसंशय 'ट्रेल ऑफ द सीडर्स'. जेमतेम दीड किलोमीटरची ही वर्तुळाकार वाट बहुतांशी लाकडी फळ्यांची व सपाट असून तेथे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडीही नेता येते. पॅसिफिक किनाऱ्याकडील दमट अरण्यांत आढळणारे सीडर व हेमलॉक वृक्ष इतक्या पूर्वेला अपवादानेच भेटतात. त्यांतील काही अनेक शतकांचे आहेत. याच वाटेवरून 'अव्हलांच लेक'चा फाटा फुटतो. जाऊन-येऊन सुमारे साडेसात किलोमीटर आणि सव्वादोनशे मीटरांचा चढ. सिंहगडाच्या पायथ्यापासून चढलेल्या मुलाला हा चढ जड जाऊ नये, मात्र अंतर त्याहून लांब आहे. सरोवरापाशी पोहोचल्यावर तीन बाजूंनी कडे आणि त्यांवरून उतरणारे धबधबे दिसतात. ते पाणी वर, दृष्टीआड असलेल्या स्पेरी हिमनदीकडून येते. आपण हिमनदीपर्यंत जात नाही, हिमनदीच येथे आपल्यापर्यंत आलेली असते.

या प्रदेशातील सरोवरांच्या रंगाबद्दल मुले विचारतातच. हिमनदी सरकताना तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक दळला जातो आणि त्याचे पीठ होते. हे पीठ इतके बारीक असते, की ते पाण्यात तळाशी न बसता तरंगत राहते व सूर्यप्रकाशातील निळ्या-हिरव्या छटा परतवून लावते. ज्या सरोवराला हिमनदीचे पाणी मिळते, त्यालाच तो दुधाळ निळसर रंग लाभतो. मॅकडोनाल्ड सरोवर तुलनेने नितळ आहे. त्याच्या काठावरचे लाल आणि हिरवे गोटे मात्र पाहण्यासारखे आहेत. दोन्ही एकाच जातीच्या प्राचीन चिखलाचे. जेथे लोहाला भरपूर प्राणवायू मिळाला तेथे तो गंजून लाल झाला, जेथे मिळाला नाही तेथे हिरवट राहिला. हे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. गोटे खिशात घालून आणणे नियमबाह्य आहे, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे परतताना रडारड होत नाही.

दुसरी वाट लोगन खिंडीतून, म्हणजे २,०२५ मीटर उंचीवरून निघणारी. 'हिडन लेक'च्या माथ्यापर्यंत जाऊन-येऊन सव्वाचार किलोमीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा ही जागा सुमारे चारशे मीटरांनी उंच आहे, पण गाडीच तेथपर्यंत जाते. विरळ हवेचा त्रास या उंचीवर सहसा फार होत नाही. धाप मात्र लागते. सुरुवातीला फळ्यांच्या पायऱ्या आहेत आणि जुलै महिन्यातही वाटेवर घसरडा बर्फ असू शकतो. माथ्यावरून खाली हिमगव्हरात साठलेले सरोवर दिसते. येथेच पालकांची परीक्षा असते. सरोवर जवळ भासते, मुले खाली धावू पाहतात, पण काठापर्यंत आणखी सुमारे दोन किलोमीटर उतार आहे आणि तो सगळा परतताना चढायचा असतो. लहान मुले बरोबर असतील, तर माथ्यावरूनच मागे फिरावे. शिवाय मासे अंडी घालण्याच्या काळात अस्वले सरोवराशी येत असल्याने ही खालची वाट काही वेळा बंदच ठेवली जाते.

या वाटेवर पांढऱ्या पहाडी बकऱ्या हमखास भेटतात. त्या माणसाळल्यासारख्या वागतात, याची कारणे दोन. माणसाच्या घामातून व लघवीतून मिळणारे मीठ त्यांना हवे असते, आणि जेथे माणसांची वर्दळ तेथे अस्वले व लांडगे कमी येतात, हे त्यांना उमगले आहे. म्हणून त्यांच्याजवळ जाऊन छायाचित्र काढावे असे नाही. बकऱ्या-हरणांपासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, आणि अस्वले-लांडग्यांपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर राखण्याचा उद्यानाचा नियम आहे.

अस्वलांची भीती हा घराघरांतील चर्चेचा विषय असतो. येथे काळी अस्वले आहेत आणि ग्रिझलीही आहेत. संकट बहुधा तेव्हा उद्भवते, जेव्हा अस्वल अचानक समोर येते व दचकते. त्यामुळे चालताना आवाज करत राहणे हाच उत्तम उपाय. बाजारात मिळणारी घुंगरे पुरेशी परिणामकारक नाहीत, माणसाचा आवाज हवा. गाण्याच्या भेंड्या लावणाऱ्या मराठी कुटुंबाला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही! वळणापाशी, ओढ्याच्या खळखळाटात, दाट झुडपांत आवाज वाढवावा आणि मुलांना मोठ्यांच्या पुढे पळू देऊ नये. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला हवा, पाठपिशवीच्या तळाशी नव्हे. तो विमानातून नेता येत नाही, तेथेच विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. डासांच्या मलमासारखा तो अंगावर किंवा कपड्यांवर मारायचा नसतो, तर चालून येणाऱ्या अस्वलाच्या दिशेने सोडायचा असतो. चिवडा, लाडू, पराठे यांचा कणही वाटेवर सोडू नये. माणसाच्या खाण्याला चटावलेल्या अस्वलाला पुष्कळदा जिवाला मुकावे लागते.

परंतु या उद्यानात आजवर माणसांचे सर्वाधिक बळी घेतले आहेत ते अस्वलांनी नव्हे, पाण्याने. मृत्यूच्या कारणांत बुडणे हे पहिल्या क्रमांकावर आहे. अस्वलाच्या धास्तीने रात्रभर जागणारे पालक दुसऱ्या दिवशी मुलाला ओढ्यातल्या दगडावर उभे करून छायाचित्र काढतात, हा विरोधाभास वारंवार पाहायला मिळतो. वितळलेल्या बर्फाचे पाणी इतके गार असते, की त्यात पडताच दम कोंडतो आणि हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात. पोहणे येते की नाही, याचा येथे फारसा उपयोग नसतो. काठचे खडक प्रवाहाने गुळगुळीत आणि शेवाळाने निसरडे झालेले असतात. अव्हलांच ओढ्याची लाल खडकातली घळ अतिशय देखणी आहे, आणि नेमक्या तेथेच मुलाचा हात घट्ट धरायला हवा. कठड्यापलीकडे, खडकाच्या कडेपर्यंत कोणीही जाऊ नये, मोठ्यांनीसुद्धा.

प्रत्यक्ष हिमनदी पाहायचीच असेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला अगदी आयता : रस्त्याच्या पूर्वेकडील बाजूस 'जॅक्सन ग्लेशिअर ओव्हरलूक' येथे गाडी थांबवून दुर्बीण डोळ्यांना लावणे. दुसरा मार्ग 'मेनी ग्लेशिअर' भागातील ग्रिनेल हिमनदीचा. जाऊन-येऊन सुमारे सतरा किलोमीटर, पण दोन सरोवरे नावेने ओलांडली, तर साडेअकरा किलोमीटरांपर्यंत येतात. चढ सुमारे पाचशे मीटरांचा. सराव असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे जमते. त्याहून लहानांसाठी खालच्या ग्रिनेल सरोवरापर्यंतची, नावेच्या दुसऱ्या धक्क्यापासून दीड-पावणेदोन किलोमीटरची सपाट वाट पुरेशी आहे. वर पोहोचणाऱ्यांनीही बर्फावर पाऊल ठेवू नये. वरवर सपाट दिसणाऱ्या हिमाखाली खोल भेगा असतात.

ग्रिनेल हिमनदीच्या पायाशी आज जे सरोवर दिसते, ते शंभर वर्षांपूर्वी नव्हते. तेथे बर्फ होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९७ पासून जुन्या छायाचित्रांच्या जागा शोधून तेथूनच नवी छायाचित्रे टिपली. १९३८ सालचे आणि अलीकडचे छायाचित्र शेजारी ठेवले, की मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. १८५०च्या सुमारास या प्रदेशात आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक हिमनद्या होत्या, असा अंदाज आहे. ०.१ चौरस किलोमीटर हा किमान आकार धरला, तर नाव असलेल्या हिमनद्या १९६६ साली ३५ भरल्या आणि २०१५ साली २६. २०२० पर्यंत सर्व हिमनद्या नष्ट होतील, असे सांगणारे फलक उद्यानात काही वर्षे लावलेले होते. ते भाकीत वर्षाच्या हिशेबात चुकले आणि फलक बदलावे लागले. त्यावरून हिमनद्या सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काहींनी काढला, तो मात्र वरील आकड्यांपुढे टिकत नाही.

तयारीबाबत थोडेसे. लोगन खिंडीचा रस्ता बर्फ उपसून साधारणपणे जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी पूर्ण उघडतो. खिंडीतील वाहनतळ सकाळीच भरून जातो. प्रवेश व वाहनांविषयीचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाचे अधिकृत संकेतस्थळ पाहणे अपरिहार्य. भर उन्हाळ्यातही प्रत्येकाजवळ गरम कपडा आणि पाऊस अडवणारे जाकीट हवे, कारण भिजलेले मूल वाऱ्यात झपाट्याने गारठते. परतीची वेळ घड्याळाने आधी ठरवावी, ठिकाण गाठले असो वा नसो. मुलांसाठी 'ज्युनिअर रेंजर' ही पुस्तिका मिळते. तीतील कामे पूर्ण केली, की बिल्ला देतात, आणि त्या बिल्ल्यासाठी मुले हूं की चूं न करता एखादा किलोमीटर जास्त चालतात.

ज्यांच्या घरी मुले अद्याप शाळेत जात नाहीत, त्यांनी सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडावा. गर्दी ओसरलेली असते, वाटांवरचा बहुतेक बर्फ गेलेला असतो. मात्र नावा, उपाहारगृहे आणि निवासस्थाने त्या महिन्यात एकेक करून बंद होऊ लागतात, त्यामुळे शिदोरी बरोबर आणि मुक्काम आधी ठरवलेला असावा.