मोआबचा तांबडा मुलूख

अमेरिकेच्या पश्चिम भागात, युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी मोआब नावाचे एक गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची, ग्रँड जिल्ह्याचा कारभार येथून चालतो म्हणून सरकारी दप्तरात त्याला जिल्ह्याच्या ठाण्याचा मान. परंतु दूरदूरच्या देशांतून माणसे येथे लोटतात ती गावासाठी नव्हे, तर त्याच्या चहूबाजूंना पसरलेल्या तांबड्या खडकांच्या मुलुखासाठी. वाळूच्या कणाकणावर चढलेल्या लोहाच्या गंजाने हा खडक तांबडा झाला आहे, आणि सूर्य कलू लागला की त्याची छटा विटकरीपासून केशरीपर्यंत घटकेघटकेला पालटत जाते. हा सगळा प्रदेश म्हणजे अवर्षणाचे माहेर. वर्षाकाठी येथे सरासरी नऊ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तरीही ज्या कमानी, ज्या दऱ्या आणि जे सुळके पाहण्यासाठी प्रवासी येथे येतो, ते जवळजवळ सर्वच पाण्याने घडविलेले आहेत. हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे या मुलुखात काय पाहावे, कसे पाहावे आणि कशापासून जपावे, हे सारे आपोआप उलगडू लागते.

गावापासून चारपाच मैलांवर आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. 1929 साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या जाहीरनाम्याने या स्थळाला राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण मिळाले आणि 1971 साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा प्राप्त झाला. येथे दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी मोजल्या गेल्या आहेत. एवढ्या दाटीने त्या पृथ्वीवर अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र शिरला, आटला, पुन्हा शिरला, पुन्हा आटला, आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या मिठाचा हजारो फूट जाडीचा थर तयार झाला. त्यावर पुढे वाळू व गाळ यांचे ओझे साचत गेले, तेव्हा त्या भाराखाली हे मीठ घट्ट न राहता हळूहळू वाहू लागले, कोठे फुगले, कोठे विरघळून खचले. आणि त्याच्या या हालचालींमुळे वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडून त्याच्या उभ्या, पातळ भिंती बनल्या. मग पावसाचे पाणी त्या भिंतींत मुरून वाळूचे कण सांधणारा चुना विरघळवू लागले, हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगले आणि खडकाचे कपचे उडवू लागले, आणि भिंतीच्या तळाशी प्रथम कोनाडा, मग खिडकी आणि अखेरीस कमान असा क्रम लागला. ज्या क्रियेने कमान उभी राहते, तीच क्रिया तिला पाडतेही. लँडस्केप आर्च ही 306 फूट गाळ्याची, जगातील अतिदीर्घ कमानींपैकी एक. 1991 सालच्या सप्टेंबरात तिच्या पोटाखालून सुमारे 60 फूट लांबीची शिळा निसटून कोसळली, तेव्हापासून तिच्याखालून जाणारी वाट बंद करण्यात आली आहे. वॉल आर्च तर 2008 सालच्या ऑगस्टात एका रात्री समूळ ढासळली.

या उद्यानातील सर्वांत प्रसिद्ध कमान म्हणजे डेलिकेट आर्च. मोटारीच्या वाटेवरून ती दुरून दिसते खरी, पण तेवढ्यावर समाधान मानून परतणाऱ्यास तिचे खरे दर्शन घडले असे मी म्हणणार नाही. जाऊनयेऊन तीन मैलांची ही पायवाट वुल्फ नावाच्या एका जुन्या वसाहतकाराच्या लाकडी खोपटापाशी सुरू होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला हा गृहस्थ 1898 साली येथे येऊन गुरे पाळू लागला, आणि आज ते एकखोली घर पाहताना त्या एकाकी संसाराच्या चिकाटीने मन स्तिमित होते. तेथून काही पावलांवर, खडकाच्या काळवंडलेल्या पृष्ठावर, यूट जमातीच्या लोकांनी कोरलेले घोडेस्वार आणि रानमेंढे आहेत. घोडा या भूमीत स्पॅनिश लोकांबरोबर आला, म्हणून ही चित्रे त्यानंतरची, हे उघड आहे. पुढे माती संपते आणि उघड्या खडकाचा लांबच लांब चढ लागतो. वाट दाखवावयास दगडावर दगड रचलेल्या लहान उतरंडींवाचून काही नाही, आणि सावली तर नाहीच नाही. शेवटचा टप्पा कड्याच्या कुशीतून काढलेल्या एका अरुंद कंगोऱ्यावरून जातो. उजव्या हाताची भिंत संपते आणि अकस्मात समोर, एका विशाल वाडग्यासारख्या खडकाच्या काठावर, 46 फूट उंचीच्या पोकळीची ती कमान एकटी उभी दिसते, आणि तिच्या पोकळीतून बर्फाच्छादित ला साल पर्वत. चढून गेल्यावाचून त्या आकस्मिकतेचा अनुभव येत नाही, म्हणून हा श्रम मला अपरिहार्य वाटतो.

पायवाट सोडू नये असा सक्त दंडक येथे आहे, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाळूवर काळपट, खडबडीत, बोटभर उंचीच्या गाठींचा एक पापुद्रा दिसतो. अनोळखी माणसास ती जळलेली माती वाटते. वस्तुतः तो सजीव आहे. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीव ओल मिळताच वाळूच्या कणांतून चिकट तंतू पसरवीत सरकतात आणि त्या तंतूंनी सुटी वाळू जखडली जाते. पुढे त्यात शेवाळ व दगडफूल यांची भर पडते. हाच पापुद्रा वाऱ्यापासून माती राखतो, पावसाचा थेंब धरून ठेवतो आणि हवेतील नत्र वनस्पतींना उपलब्ध करून देतो. त्यावर पडलेल्या एका पावलाची खूण बुजावयास कित्येक दशके लागतात. म्हणून चालावे ते आखलेल्या वाटेवरून, उघड्या खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून.

खडकावरील खळग्यांत पावसानंतर जे पाणी साचते, तेही असेच जपण्याजोगे. त्यात बोटाच्या पेराएवढे, पारदर्शक अंगाचे झिंगे उलटे पोहताना दिसतात. खळगा आटण्यापूर्वी त्यांचा सर्व जन्म उरकतो, आणि त्यांची अंडी वाळल्या मातीत वर्षानुवर्षे पुढच्या पावसाची वाट पाहत तग धरतात. आपल्या सह्याद्रीतील सड्यांवर पावसाळी डबक्यांतून याच कुळातील जीव आढळतात, तेव्हा कोकणच्या वाचकास हा प्राणी अगदीच परका नव्हे. अशा खळग्यात हात धुणे अथवा पाय बुडविणे टाळावे. अंगाला लावलेल्या मलमाचा अंशही त्यांना घातक ठरतो.

कमानींकडून दऱ्यांकडे वळले की प्रथम पाहावा तो डेड हॉर्स पॉइंट. तेथे कड्याच्या टोकाशी उभे राहिले असता कोलोरॅडो नदी दोन हजार फूट खाली भले मोठे वळण घेताना दिसते. हे टोक मुख्य पठाराशी अवघ्या 90 फुटांच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेले आहे. पूर्वी गुराखी रानघोडे येथे कोंडून ती पट्टी कुंपणाने बंद करीत, आणि एकदा असे कोंडलेले घोडे, खालचे पाणी डोळ्यांना दिसत असताना, तहानेने मेले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पण या प्रदेशाचे मर्म तिच्यात उतरले आहे.

तेथून जवळच कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान. आर्चेसचे तत्कालीन अधीक्षक बेट्स विल्सन यांनी या दऱ्यांच्या रक्षणाचा ध्यास घेतला, वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना जीपगाड्यांतून हा मुलूख हिंडवून दाखविला, आणि 1964 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने हे उद्यान अस्तित्वात आले. ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांनी त्याचे तीन तुकडे केले आहेत, आणि उद्यानात नदीवर एकही पूल नसल्यामुळे एका भागातून दुसऱ्यात जावयाचे तर मोटारीने कित्येक तासांचा वळसा पडतो. म्हणून थोडा अवकाश असणाऱ्याने या तिन्हींपैकी ‘आयलंड इन द स्काय’ हे पठारच पाहावे.

ऋतूची निवड करताना वसंत किंवा शरद पसंत करावा. उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो. माणशी रोज निदान चार लिटर पाणी बरोबर बाळगावे हा येथील जुना आणि शहाणपणाचा सल्ला. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दूर कोठे तरी कोसळलेल्या सरीचा लोंढा निरभ्र आकाशाखालच्या कोरड्या ओढ्यात अवचित येऊन थडकतो, म्हणून दूरवरही ढग दिसत असताना अरुंद घळीत उतरणे धोक्याचे. गर्दीचाही बंदोबस्त आधी करावा लागतो. 1956 व 1957 साली आर्चेस येथे हंगामी रेंजर म्हणून राहिलेल्या एडवर्ड ॲबी या लेखकाने उद्यानांत मोटारींना मोकळे रान देण्याविरुद्ध कळकळीने लिहिले होते. 2021 साली आर्चेसमध्ये 18 लाखांहून अधिक माणसे आली, आणि त्यानंतर काही वर्षे प्रवेशाची वेळ आगाऊ नोंदविण्याची पद्धत सुरू करावी लागली. फायरी फर्नेस या भिंतींच्या भुलभुलैयात तर रेंजरसमवेत किंवा परवाना घेऊनच जाता येते.

एक स्थळ मात्र प्रवाशांच्या यादीत नसते, ते मी आवर्जून सुचवितो. 1952 साली चार्ली स्टीन या भूवैज्ञानिकाला गावाच्या दक्षिणेस युरेनियमचा मोठा साठा गवसला, मोआबचे भाग्य फळफळले आणि 1956 साली नदीकाठी, आर्चेसच्या प्रवेशद्वाराजवळच, धातुक शुद्ध करण्याची गिरणी सुरू झाली. गिरणी पुढे बंद पडली. मागे राहिला तो सुमारे 1 कोटी 60 लाख टन किरणोत्सारी गाळ, कोलोरॅडोच्या अगदी काठाशी. खालच्या अंगाच्या राज्यांतून कोट्यवधी माणसे याच नदीच्या पाण्यावर विसंबून आहेत, म्हणून 2009 सालापासून हा गाळ आगगाडीच्या डब्यांत भरून उत्तरेस 30 मैलांवरील क्रेसेंट जंक्शन येथे, नदीपासून दूर, चिकणमातीच्या थरात पुरण्याचे काम हाती घेण्यात आले. उद्यानाकडे वळण्यापूर्वी मोटार थांबवून हमरस्त्याच्या कडेची ती जागा अवश्य पाहावी.